अठराच्या अठरा चित्रं लावा : कोल्हापुरातल्या कलासंस्थांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापुरातील कलादालनांचे विश्वस्त, प्रदर्शनांच्या निवड समित्यांवरील ज्येष्ठ चित्रकार आणि कलामहाविद्यालयांतील प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या एका तरुण चित्रकर्तीची अठरा रेखाटनं शहरातल्या एका कलादालनात लागणार होती. ती लागली नाहीत. अर्ज मंजूर झाला होता, तारखा ठरल्या होत्या, निमंत्रणपत्रिका छापायला जायच्या बेतात होत्या. तेवढ्यात समितीकडून तोंडी निरोप आला : दोन चित्रं काढून घ्या, बाकीची सोळा खुशाल लावा. तिनं नकार दिला आणि तारखा दुसऱ्या कुणाला तरी गेल्या. दालन कुठलं, समितीत कोण होतं, हे मी लिहीत नाही. जे कारण तिला सांगितलं गेलं ते आपल्या शहरातल्या कुठल्याही समितीत कुणीही सांगितलं असतं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असत्या. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना मुलामुलींना बसवते. तुमच्यातल्या काहींच्या हाताखाली शिकले आहे, काहींची निसर्गचित्रं आजही वर्गात दाखवते. त्या नात्यानं माझं एकच मागणं आहे. ही अठराच्या अठरा चित्रं, एकही न वगळता, कोल्हापुरात लागली पाहिजेत, आणि ज्यांच्याबद्दल ती आहेत त्या बायकांना येऊन पाहता येतील अशा वेळी लागली पाहिजेत.

चित्रकर्तीचं नाव इथं देत नाही. ती सासरच्या गावातच राहते. आपलं नाव कधी आणि कशाखाली लिहायचं ते तिचं तिनं ठरवायचं आहे. पण चित्रांविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण वाद झाला तो चित्रं न पाहिलेल्यांमध्येच जास्त.

सगळी काळ्या शाईतली, होल्डरच्या निबनं काढलेली. रंग कुठेही नाही. आडव्या-उभ्या-तिरक्या रेघांची जाळी विणत तिनं छाया आणली आहे. पहिलं चित्र गावच्या जत्रेच्या जेवणाचं, वरून पाहिल्यासारखं. पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या पंगती उठल्यात, खरकटी ताटं एका बाजूला रचलीत. मधोमध मटणाचं मोठं पातेलं आडवं केलंय आणि एका बाईचा हात कोपरापर्यंत त्यात गेलाय. भोवती चार-पाच जणी बसल्यात, पण मांडी कुणीच घातलेली नाही. एकेक गुडघा वर. कुणी हाक मारली तर उठावं लागणार हे बसण्यातच दिसतं. चेहरा एकीचाही दिसत नाही. भांग, गुडघे आणि हात तेवढे दिसतात. रस्सा तिनं काढलेलाच नाही. एका ताटात भाकरीचा तुकडा फिरवून पुसल्याची पुसट कमान आहे, त्यावरून किती उरला होता ते समजायचं. पातेल्याचा तळ मात्र रेघांवर रेघा ओढून इतका काळा केलाय की तिथं कागदाचं पीठ सुटलंय. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं कौतुक आपण जगाला सांगतो. त्या पंगतीनंतरची ही दुसरी पंगत मी लहानपणापासून पाहिली आहे, तिच्यात बसलेही आहे. कागदावर ती मी प्रथमच पाहिली.

मग सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर काढलेली पाच चित्रं आहेत. गट नंबर, आकार, पिकांचे रकाने तसेच छापील, आणि त्यांच्यावरून तिच्या रेघा गेल्यात. एकात दुय्यम निबंधकाच्या कचेरीतलं बाकडं आहे. दोन भावांच्या मधे बहीण. मांडीवर साडीचा खोका. तिचा अंगठा धरून ठसा उमटवणारा हात भावाचा, आणि त्या मनगटावर राखीचा दोरा. टीका नाही, घोषणा नाही, खाली मथळाही नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये दिला. त्यानंतरही आपल्याकडच्या किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या ते तुमच्या-माझ्या घरात विचारलं तरी कळेल. सही केली नाही तर माहेर तुटतं, ही भीती कुठल्या रकान्यात लिहीत नाहीत. तिनं ती बाकड्यावर बसलेल्या बाईच्या पायांत काढली आहे. चपला काढून ठेवल्यात आणि पायाची बोटं आत वळलीत.

ऊसतोडीची चित्रं तुम्ही पाहायलाच हवीत, कारण तो फड आपला आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून माणसं येतात, आपल्या कारखान्यांचा ऊस तोडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी मुकादमाच्या वहीतली मोजणी. आगाऊ पैशांची उचल बहुतेकदा नवऱ्याच्या हाती. पहाटे कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून, निघून बाई ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, संध्याकाळी पाणी आणते, चूल पेटवते. मासिक पाळीत खाडा पडू नये आणि दुखणं कायमचं जावं म्हणून गर्भाशयाची पिशवी काढून टाकलेल्या बीडच्या मजूर बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर आल्या, सरकारला समिती नेमावी लागली. या चित्रकर्तीनं ऑपरेशन काढलेलं नाही, दवाखानाही काढलेला नाही. फळीवर चढणारी एक बाई काढली आहे. मोळीच्या वजनानं मान खांद्यात गेलीय, पदर खोचलाय, आणि एक हात फळी सावरायच्या ऐवजी ओटीपोटावर दाबून धरलाय. मागं कारखान्याची चिमणी, धूर सरळ वर. आमच्या स्टाफरूममधली एक शिक्षिका हे चित्र मोबाइलवर बघताना म्हणाली, "आमच्या रानात दर वर्षी येतात की ह्या, मी कधी बघितलंच नाही हात कुठं असतो ते."

एक चित्र हेरवाडवरून सुचलेलं आहे. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट, आणि मला तो वाटतो. चित्रात भिंतीवरचा छोटा आरसा आहे, समोर कुंकवाचा करंडा उघडा. बाईचं बोट करंड्यातून निघून कपाळाकडे चाललंय आणि वाटेतच थांबलंय. आरशात तिच्या चेहऱ्यामागं दाराची चौकट दिसते, चौकटीत कुणाच्या तरी लुगड्याचा काठ. ठराव भिंतीबाहेर झालेला आहे, घरात तो रोज सकाळी नव्यानं करावा लागतो, हे त्या थांबलेल्या बोटात आहे. राजर्षींनी आपल्या विधवा सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, घरच्यांचा विरोध पत्करून शिकवलं ही हकीकत आपण भाषणात सांगतो. तो विरोधही घरातलाच होता, हे सांगायचं राहून जातं.

आता ज्या दोन चित्रांवर आक्षेप आला ती.

पहिल्यात सोनोग्राफीचं टेबल आहे. बाई पडलेली, आणि चित्र तिच्याच नजरेतून काढलेलं. म्हणजे आपल्याला तिचा चेहरा दिसत नाही, हनुवटीच्या खालचं दिसतं. उघडं पोट, त्यावर जेलीचा ओला डाग, त्यावर टेकवलेलं यंत्राचं टोक. पलीकडे नवरा, सासू आणि डॉक्टर. तिघंही पडद्याकडे बघताहेत. तिच्याकडे कुणी बघत नाही. पडदा आपल्याला पाठमोरा आहे, त्यावर काय दिसतंय ते तिला नि आपल्याला कळत नाही. फक्त तिघांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचं. सासूचा चेहरा काढताना चित्रकर्तीनं तो दुष्ट केलेला नाही, घाबरलेला केला आहे. माझ्या मते सगळ्या मालिकेतली सर्वांत समजूतदार रेघ तिथं आहे.

दुसऱ्यात न्हाणीघर. प्लास्टिकच्या स्टुलावर पाठमोरी बाई, परकर छातीशी बांधलेला, उघडे खांदे आणि पाठ. बादली भरून वाहतेय, तरी नळ सुरूच. दाराची कडी आतून लावलेली. खांद्यांच्या मधली घळ आणि मानेचा वाकलेला मणका पाहिला की ती रडतेय हे कळतं, आणि नळ का चालू ठेवलाय तेही कळतं. अंगावर मार आहे की नाही ते तिनं दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर चित्र सोपं झालं असतं.

या दोन चित्रांबद्दल तिला सांगितलं गेलं की दालनात लोक कुटुंबासह येतात, शाळांच्या सहली येतात, न्हाणीघरातलं चित्र बरं दिसत नाही. आणि डॉक्टर मंडळी आपले रसिक आहेत, चित्रं विकत घेणारे आहेत, त्यांना वाईट वाटेल.

उघड्या पाठीविषयी आधी बोलू. कोल्हापूरच्या प्रदर्शनांत मी वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षापासून जाते. ओल्या लुगड्यातल्या, कमरेवर घागर घेतलेल्या, पदर ढळलेल्या बायका मी आपल्या दालनांच्या भिंतींवर अगणित वेळा पाहिल्या. त्यांतली काही चित्रं उत्तम होती. रंगाचं काम, ओल्या कापडातून दिसणारी त्वचा, सकाळचं ऊन, सगळं शिकण्यासारखं. आमची शाळेची सहलही त्यांच्यासमोरून गेली, कुणी आक्षेप घेतल्याचं आठवत नाही. मग परकर बांधलेल्या पाठीनं कोणतं कुटुंब बिघडणार आहे? पाणवठ्यावरच्या बाईला कुणीतरी बघतंय आणि तिला ते ठाऊक नाही. न्हाणीघरातल्या बाईनं कडी लावली आहे, तिला कुणी बघू नये अशीच तिची इच्छा आहे, आणि तरी आपण आत आहोत. आपल्याला अवघडल्यासारखं होतं ते नग्नतेमुळं होत नाही. आपल्या घरातल्या बंद दारामागं काय चालतं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून होतं.

डॉक्टरांविषयी. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये ८६३. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशाचा कायदा १९९४ चा आहे, महाराष्ट्राचा त्याही आधीचा, १९८८ चा. याच कोल्हापुरात २००९ मध्ये सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडून तपासण्यांची नोंद ठेवायला सुरुवात झाली आणि त्याची चर्चा देशभर झाली. जे आकडे जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर चालतात, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चालतात, त्यांचं चित्र दालनात चालत नाही, हे मला पटत नाही. आणि प्रामाणिक डॉक्टरांना या चित्रानं वाईट वाटेल असं समजणं हा त्यांचाच अवमान आहे. मी ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना हे दाखवलं, त्यांनी विचारलं की याची मोठी प्रत मिळेल का, मला दवाखान्यात लावायची आहे.

"सोळा तर लावतोय की, दोनांसाठी कशाला अडून बसायचं?" हा प्रश्न मला दोन-तीन समजूतदार माणसांनी विचारला. ते तिचे हितचिंतक आहेत, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

नीलिमा शेख या बडोद्याच्या ज्येष्ठ चित्रकर्तीनं १९८४ च्या सुमारास चंपा नावाच्या मुलीवर बारा छोट्या चित्रांची मालिका केली. आपल्या ओळखीतली मुलगी हुंड्यापायी जाळली गेली, तिच्यावरची. मालिका सुरू होते तेव्हा चंपा सायकल चालवते आहे, झोपाळ्यावर आहे. मग लग्न, सासर, स्वयंपाकघर, आणि शेवट. रंग लघुचित्रांसारखे नाजूक, आकार हातात धरून बघावा एवढाच. समजा एखाद्या समितीनं म्हटलं असतं, जळण्याचं तेवढं काढा, बाकी फार गोड आहे. उरलं असतं एका मुलीच्या बालपणाचं आणि लग्नाचं सुंदर चित्रण, म्हणजे नेमकं तेच ज्याच्या आडोशाला ती मेली. मालिकेतलं चित्र काढून टाकणं म्हणजे उरलेल्यांचाही अर्थ बदलणं. आपल्या चित्रकर्तीच्या मालिकेत पंगत, सातबारा, फड, आरसा हे सगळं कुणीतरी बघत असताना घडतं. न्हाणीघरात ती एकटी आहे, आणि टेबलावर तिघं जवळ असूनही एकटीच. ही दोन काढली की उरलेल्या सोळा चित्रांतल्या बायका नुसत्या सोसणाऱ्या उरतात. त्यांचं आतलं माणूसच निघून जातं.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण ते माझ्या मनातून जात नाही. पोर्तुगालमध्ये १९९८ साली गर्भपात कायदेशीर करावा का यावर सार्वमत झालं. मतदान फार कमी झालं आणि बदल होऊ शकला नाही. त्या देशात जन्मलेल्या पॉला रेगो या चित्रकर्तीला राग आला आणि तिनं पेस्टलमध्ये चोरून गर्भपात करून घेणाऱ्या बायका-मुलींची मालिका काढली. खाट, बादली, खुर्ची, शाळेच्या गणवेशातली मुलगी. रक्त नाही. त्या मुली दुखण्यानं आखडल्यात, पण काहींची नजर थेट बघणाऱ्यावर आहे. २००७ मध्ये दुसरं सार्वमत झालं, कायदा बदलला, आणि त्या बदलाच्या हकिकतीत या चित्रांचं नाव आजही घेतलं जातं. चित्रांनी कायदा बदलतो असं मी म्हणत नाही. पण जी गोष्ट घराघरांत माहीत असून कुणी बोलत नव्हतं, ती भिंतीवर लागल्यावर बोलणं भाग पडलं.

आपल्या परंपरेला हे परकं आहे, असंही एकानं मला सांगितलं. मला तसं वाटत नाही. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आणि चित्रपटकार बाबुराव पेंटर यांनी १९२० च्या आपल्या चित्रपटात बायकांची कामं बायकांना दिली, ज्या काळात ते अब्रूला बट्टा समजलं जाई. त्यांच्यासमोर जे धाडस होतं त्या मानानं दोन रेखाटनं टांगणं म्हणजे काहीच नाही. कोल्हापूर दरबारचे चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून, दरबाराच्या मागणीपलीकडे जाऊन, स्वतःला दिसलेलं पाणी आणि उजेड रंगवत राहिले. स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं काढावं हाच धडा आपण त्यांच्याकडून घेतला ना? आता एक बाई तिच्या डोळ्यांना दिसलेलं काढते आहे.

आणि ज्या बायका आपल्या चित्रांतून आपण पूज्य केल्या, त्यांच्याकडे तरी नीट पाहिलं का, असा प्रश्न मला पडतो. चित्रकार हळदणकरांचं हातात समई धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र कॅलेंडरांवरून घराघरांत गेलं. मूळ म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी, गीता उपळेकर. त्या आपल्या कोल्हापुरातच राहत होत्या, इथंच २०१८ मध्ये वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी गेल्या. कितीजणांना हे ठाऊक होतं? चित्र मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. तासन् तास हात न हलवता दिवा धरून उभं राहणाऱ्या मुलीनं तेच चित्र आपल्या बाजूनं काढलं असतं तर ते कसं असतं, याचं मला अतोनात कुतूहल आहे.

माझ्या वर्गातही हा प्रश्न रोज असतो. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र असतं. पाठ करून घेतलेले विषय ठरलेले : भाजी मंडई, पाणवठा, बसस्टॉप, जत्रा. मुली छान काढतात, पाणवठ्यावरच्या बायका सगळ्या सडपातळ, सगळ्यांच्या डोक्यावर दोन-दोन हंडे, सगळ्या हसऱ्या. एकदा परीक्षेचं ओझं नसताना मी आठवीच्या वर्गाला सांगितलं, सकाळी सात वाजताचं तुमचं घर काढा. मुलग्यांनी टीव्ही, दारातली मोटरसायकल, गोठा, कुत्रं असं काढलं. मुलींपैकी जवळजवळ सगळ्यांनी स्वयंपाकघर काढलं आणि त्यात आई काढली. आणि आई पाठमोरी. ओट्याकडे तोंड केलेली, चुलीकडे वाकलेली, अंबाडा, पाठ आणि टाचा. कुणी कुणाचं पाहून काढलं नव्हतं. एकीनं तर आईच्या टाचांच्या भेगा काढल्या होत्या, पेन्सिल टोकदार करून, एकेक. मी विचारलं, तोंड का नाही काढलं? ती म्हणाली, "सकाळी आईचं तोंड दिसतच नाही बाई." त्या मुलीला मी न्हाणीघराचं चित्र दाखवायला बिचकणार नाही. तिनं तसलंच चित्र आधीच काढलेलं आहे. शाळेच्या सहलींचं कारण पुढं करणाऱ्यांनी सहलीत येणाऱ्या मुली काय काय पाहून येतात याचा विचार करावा.

सगळीच अठरा चित्रं सारखी उतरली आहेत असं मी म्हणणार नाही. एका चित्रात पिंजरा आहे, एकात बाईच्या पायांत बेडी. हे फार जुनं झालं. तिच्या हाताला ते शोभत नाही, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलं. सातबाऱ्यांपैकी दोन चित्रांत छापील मजकूर इतका जोर करतो की रेघ मागं पडते. तुम्ही तिला हे सांगितलं असतं, चित्रं शेजारी शेजारी ठेवून तिच्याशी तासभर बोलला असता, तर मला आनंद झाला असता आणि तिलाही. तुमच्यातल्या काहींची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. पण जी चित्रं कच्ची आहेत त्यांना तुम्ही हरकत घेतली नाही. हरकत आली ती सर्वांत पक्क्या दोन चित्रांना.

एक उपाय म्हणून तिला सुचवलं गेलं की मार्चमध्ये महिला दिनाच्या आठवड्यात काहीतरी बसवू. कृपा करून हे करू नका. आठ मार्चला सत्कार असतात, पैठणीचे खेळ असतात, वक्त्या येतात, दालनात गर्दी असते आणि चित्रांकडे पाठ करून फोटो निघतात. शिवाय त्यात एक गृहीत आहे की हा बायकांचा विषय, बायकांनी बघावा, एका आठवड्यात आटपावा. पंगतीत आधी कोण जेवलं, अंगठा कुणी धरला, पडद्याकडे कोण बघत होतं? त्या चित्रांमागच्या गोष्टींत निम्मी माणसं पुरुषच आहेत.

वेळेचंही तसंच. आपली दालनं जेव्हा उघडी असतात तेव्हा कष्टकरी बायका कामावर असतात आणि घरच्या बायका स्वयंपाकात. मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईला खेड्यापाड्यांतून किती बायका येतात ते तुम्ही पाहता. २०२३ पासून एसटीत अर्ध्या तिकिटात येतात, त्यामुळं जास्तच. देवळातून दसरा चौकातल्या कलादालनापर्यंत चालत येण्याजोगं अंतर आहे. त्या दोन दिवशी दुपारी दालन सुरू राहिलं, दारात "आत या, तिकीट नाही" अशी पाटी मोठ्या अक्षरांत लागली, आणि चित्रांपाशी बसायला दोन बाकडी ठेवली, तर आजवर प्रदर्शनाला न आलेल्या बायका येतील. बाकडी मी मुद्दाम म्हणते आहे. दिवसभर उभं राहिलेल्या बाईला चित्र उभ्यानं बघायला लावू नये. बचतगटांना, आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना निरोप द्यायचं काम आम्ही शिक्षिका करू.

आणि संस्थांकडे आपापला संग्रह आहे. त्यात बायका काढलेल्या चित्रांची कमी नाही, बायकांनी काढलेली मात्र शोधावी लागतात. कलामहाविद्यालयांतून मुली दर वर्षी पदविका घेऊन बाहेर पडतात, वर्गात मुलांच्या बरोबरीनं असतात, आणि लग्नानंतर पाच वर्षांनी त्यांच्यातल्या किती रेखाटन करताहेत, याची चौकशी एकदा प्राध्यापकांनी करावी. ही मुलगी करते आहे. रात्री भांडी झाल्यावर, इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून. त्या अठरांतली निदान तीन चित्रं कुठल्या तरी संस्थेनं रीतसर पैसे मोजून विकत घ्यावीत, देणगी म्हणून मागू नयेत. पुढच्या मुलींना दाखवायला आपल्या गावात काहीतरी असेल.

ती पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी अर्जासोबत अठराही चित्रांचे फोटो असतील आणि आम्हा काही कलाशिक्षिकांच्या सह्यांचं पत्र असेल. उत्तर होकाराचं असो वा नकाराचं, ते आम्हाला लेखी हवं आहे. नकार असेल तर कोणत्या चित्राला, कोणत्या नियमानं आणि समितीतल्या कुणी ते चित्र समोर ठेवून पाहिलं, एवढं त्यात लिहावं.

आपली नम्र,
एक कलाशिक्षिका
कोल्हापूर